गावचं ऊन वेगळं, बोळिंजचा उकाडा वेगळा



शाळांच्या परीक्षा आटोपल्या की आमच्या बोळिंज परिसरातल्या वस्त्यांमध्ये नवी बिऱ्हाडं उतरायला लागतात. कुणी जालन्याकडचं, कुणी हिंगोली-परभणीचं, कुणी बुलडाणा-वाशीमचं. पुरुषमाणसं बांधकामावर नाहीतर कंपनीत लागतात, बाया म्हाडाच्या उंच इमारतींत घरकाम धरतात. टेम्पोतून सामान उतरतं त्यात गादी असते, शेगडी असते, तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो असतो आणि बहुतेक वेळा एक कुलरही असतो.

पंधरा दिवस होत नाहीत तोच त्या घरातलं कुणीतरी आमच्या दाराशी येतं. "सिस्टर, इथलं पाणी लागलं बघा. गावाकडं याच्यापेक्षा कितीतरी ऊन असतंय, पण असं कधी झालं नाही." डोकं जड, मळमळ, पिंढऱ्यांत गोळे, झोप नाही, लेकराच्या मानेवर-पाठीवर घामोळं. सासूबाई म्हणतात नजर लागली, शेजारीण म्हणते अंगारा लावा.

अंगाऱ्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो. सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा आपल्याच वसई तालुक्यात, भुईगावला १९५६ साली सापडला. त्या लेखाचा विषय आहे, माणसं आजारपणात, लग्नकार्यात, मूल जन्मल्यावर आणि प्रवासाला निघताना करतात ते विधी. आणि अशा विधींचं फळ थोडंच, असं सम्राटाने त्यात बजावलं आहे. आजारपण आणि प्रवास, नव्या बिऱ्हाडाच्या वाट्याला दोन्ही एकदम येतात. म्हणून अंगाऱ्याच्या आधी हवा समजून घेऊ.

पाणी कधी कधी खरंच लागतं. बोअरचं मचूळ पाणी, टँकरचं न उकळलेलं पाणी यांनी पोट बिघडतं. पण एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे येणाऱ्या नव्या माणसांच्या तक्रारी पाण्यापेक्षा हवेच्याच जास्त असतात. फसगत होते ती अंशांच्या आकड्यामुळे. ज्याने गावी ४३-४४ अंश सोसलेत तो मोबाईलवर ३४ बघतो आणि म्हणतो, हे काय ऊन आहे? पहिल्याच दिवशी स्लॅबवर पूर्ण पाळी करतो आणि संध्याकाळी आडवा होतो.

माठ आणि कुलर

नुसता घाम आल्याने अंग थंड होत नाही. घाम वाळतो तेव्हा अंग थंड होतं. माठाचं बघा. माठ पाझरतो आणि वरचं पाणी उडून जातं, म्हणून आतलं पाणी गार होतं. गावी मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की घाम दिसायच्या आत वाळतो; संध्याकाळी सदऱ्यावर मिठाचे पांढरे पट्टे तेवढे राहतात. बोळिंजहून अर्नाळ्याचा समुद्र सहा-सात किलोमीटरवर. इथली हवा आधीच पाण्याने भरलेली असते, तिच्यात अंगावरचा घाम कुठे उडणार? तो नुसता ओघळतो. शरीर आणखी घाम काढतं, तोही ओघळतो. पाणी आणि मीठ दोन्ही जातं आणि अंग मात्र तापलेलंच राहतं. तुमचा माठ इथे गावासारखा गार होत नाही, त्याचं कारणही हेच. माठ बदलून काही फरक पडत नाही.

आता कुलर. कुलर हवेत पाणी घालतो. नागपूर-जालन्याच्या कोरड्या हवेत ते वरदान आहे. इथे दमट खोलीत पाण्याचा कुलर लावला, खिडकी बंद केली, की खोलीचा हमाम होतो. गेल्या काही वर्षांत आम्ही अशी कितीतरी घरं पाहिली, की रात्रभर कुलर चालू आणि सकाळी सगळ्यांची डोकी दुखतायत. कुलर आणलाच असेल तर पाणी न भरता पंख्यासारखा वापरा. समोरासमोर दोन झरोके उघडे ठेवा. रात्री झोपताना ओल्या फडक्याने हातपाय, मान, पाठ पुसून पंख्याखाली बसा. कुलरच्या टाकीत राहिलेलं पाणी डेंग्यूच्या डासाला फार आवडतं. त्याबद्दल पुढे येतंच आहे.

दुसरा फरक रात्रीचा. गावी दिवस कितीही तापला तरी पहाटे अंगणात गारवा येतो, शरीराला विश्रांती मिळते. इथे मे महिन्यात रात्रीही पारा २७-२८ च्या खाली सहसा जात नाही, आणि पत्र्याची खोली असेल तर मध्यरात्रीपर्यंत पत्रा ऊब सोडत राहतो. काल थकलेलं अंग आज तसंच थकलेलं कामावर जातं. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस कोसळतो आणि घरचे म्हणतात, काल तर ठीक होता!

हवामान खातं उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागासाठी किमान ४० अंशांची अट लावतं, किनाऱ्यासाठी ३७ अंशांची. सरासरीपेक्षा पारा किती वर गेला तेही पाहिलं जातं, पण हा तीन अंशांचा फरक लक्षात ठेवा. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला उघड्या मैदानावर भर दुपारी पुरस्काराचा मोठा सोहळा झाला. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. १४ माणसं दगावली. आपल्या गावी ३८ अंशांना कुणी ऊन म्हणत नाही.

विहारावरचा ध्वज

बोळिंजला वारा दिवसातून दोनदा दिशा बदलतो. सकाळी तो जमिनीकडून, जीवदानीच्या डोंगराच्या बाजूने येतो. दुपारकडे समुद्राचा वारा सुरू होतो आणि थोडं बरं वाटतं. मार्च-एप्रिलमध्ये काही दिवस हा समुद्रवारा उशिरा येतो, जमिनीकडचा तापलेला वाराच दुपारपर्यंत वाहत राहतो. ते दिवस वाईट. मोबाईल नसला तरी चालेल, विहारावरचा पंचशील ध्वज बघा. दुपारी बारा-एकनंतरही तो समुद्राच्या दिशेने, म्हणजे आगाशी-अर्नाळ्याकडे फडकत असेल, तर वारा अजून जमिनीचाच आहे. त्या दिवशी म्हाताऱ्या माणसांना आणि लहान लेकरांना पत्र्याखालून बाहेर काढा, झाडाखाली नाहीतर विहारात बसवा. विहार पक्क्या छताचं असेल तर दुपारी त्याचं दार उघडं ठेवण्याचा ठराव समितीने करावा, अशी आमची विनंती आहे. कुलूप लावून राखण्यासारखं त्यात फार काही नसतं.

नव्या हवेला शरीर सरावतं, पण त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत घाम लवकर सुटायला लागतो, घामातलं मीठ कमी होतं, काळजाचे ठोके आवरतात. म्हणून पहिल्या दिवशी नेहमीच्या पाव हिश्श्याएवढंच जड काम आणि मग रोज थोडं थोडं वाढवत आठवडाभरात पूर्ण, असं करायला हवं. आम्हाला माहीत आहे, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला मुकादम असं काही देत नाही. पण चार-पाच जण एका गावचे असाल तर एकत्र बोला. पहिला आठवडा जड काम सकाळी दहाच्या आत आणि चारनंतर, मधल्या वेळात सावलीतलं काम, आणि जागेवर पिण्याचं पाणी. एवढं मागण्यात लाज कसली? गावी लग्नाला जाऊन महिनाभर राहिलात तर हा सराव जवळजवळ मोडतो. परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

बायांचं एक वेगळं दुखणं आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. कामाच्या ठिकाणी संडास वापरू देत नाहीत, स्टेशनवरचा घाण असतो, म्हणून बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. अशा हवेत आठ तास पाण्याविना राहिलं की लघवीला जळजळ, ताप, पुढे मुतखडा. लघवीच्या रंगावर लक्ष ठेवा. फिकट पिवळी असेल तर ठीक. मोहरीच्या तेलासारखी गडद दिसली तर पाणी कमी पडतंय. ज्या घरी भांडी घासता त्या घरचा संडास वापरण्याचा हक्क मागायला शिका. आमच्यातल्या काहीजणींनी मिळून मागितला आणि सोसायटीच्या तळमजल्यावरचा मिळाला.

घाम गाळणाऱ्या माणसाला नुसतं पाणी पुरत नाही, मीठही हवं. ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, पेज, आंबील सगळं चालतं. उलट्या-जुलाब असतील तर मात्र माप नेमकं पाहिजे: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर लेकराला अपाय होतो, म्हणून चव घेऊन बघा, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. सरकारी दवाखान्यात ओआरएसची पुडी फुकट मिळते. दुकानातलं खोक्यातलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. रक्तदाबाच्या, हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णांनी मात्र आपल्या मनाने मीठ वाढवू नये. लघवी होण्याची गोळी चालू असेल तर उन्हाळा लागताच डॉक्टरांना विचारावं.

माणूस बरळायला लागला, तोल जायला लागला, अंग चटका बसेल असं तापलं किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. 'घाम येतोय म्हणजे ठीक आहे' हा इथला घातक समज आहे. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि पुठ्ठ्याने, पदराने, मिळेल त्याने वारा घाला. मान, काख, जांघ इथे ओली फडकी ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. १०८ ला फोन करा, पण गाडी येईपर्यंत अंग गार करणं थांबवू नका. जीव वाचतो तो या वीस-तीस मिनिटांत.

१४ एप्रिल नेमका याच दिवसांत येतो. जयंतीची मिरवणूक, डीजेच्या मागे नाचणारी पोरं, उपाशीपोटी, वरून काहीतरी प्यायलेली. दारूने अंगातलं पाणी आणखी जातं, आणि बाबासाहेबांच्या जयंतीला ती का नको याची दुसरी कारणं आम्ही इथे सांगत बसत नाही. मिरवणूक ऊन उतरल्यावर काढा, गाडीवर पाण्याचा पिंप ठेवा, आणि पेढ्यांच्या जोडीला ओआरएसच्या पन्नास पुड्या घ्या.

पाऊस, आणि पौर्णिमेची भरती

मोसमी पाऊस मुंबईला पोहोचण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. पण २०२५ साली तो २६ मेलाच आला. म्हणून पत्रे, ताडपत्री, वायरिंगची कामं मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरकून घ्या.

गावच्या आणि इथल्या पावसाची तुलना करायची तर मराठवाड्यात वर्षभरात मिळून सातशे-आठशे मिलिमीटर पडतो. सांताक्रूझच्या वेधशाळेत एकट्या जुलै महिन्याची सरासरी आठशेच्या वर आहे. हवामान खातं चोवीस तासांत २०४ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर त्याला अत्यंत मुसळधार म्हणतं, म्हणजे तुमच्या गावच्या वर्षभराच्या पावसाचा जवळपास पाव हिस्सा एका दिवसात. आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, तुमच्या अख्ख्या वर्षापेक्षा जास्त. गावी पावसाची वाट बघायची सवय असते. इथे तो थांबायची वाट बघावी लागते.

इतकं पाणी जातं कुठे? पूर्वेच्या डोंगरावरून उतरून पश्चिमेच्या खाड्यांना. मध्ये आपण. पूर्वी वसई-आगाशीच्या वाड्यांमधली बावखलं बरंच पाणी पोटात घ्यायची. आता कित्येक बावखलं भरणी करून बुजवली आणि त्यांवर चाळी-इमारती उठल्या. स्वस्तात खोली मिळाली तर आधी शेजारच्या जुन्या माणसाला विचारा, गेल्या पावसात इथे पाणी कुठवर आलं होतं? भिंतीवरचा ओलीचा पट्टा बघा. भाडं नंतर ठरवा. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढलं, लोकल बंद पडल्या, वसईच्या मिठागरांत माणसं अडकली, वीज गेली. तेव्हा पाणी ओसरायला दिवस लागले होते, तास नव्हे.

पाणी लवकर ओसरत नाही याचं दुसरं कारण भरती. समुद्र चढलेला असताना नाल्याचं पाणी खाडीत शिरत नाही, उलट मागे ढकललं जातं. देशावरून आलेल्या माणसाला हे ठाऊक नसतं, पण आपल्याकडे त्याची खूण आहे. आपण पौर्णिमा पाळणारी माणसं. पौर्णिमा आणि अमावास्या, आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस, ही मोठ्या उधाणाची वेळ. आषाढी पौर्णिमेला आपण विहारात जमतो, वर्षावास सुरू होतो, आणि नेमका तोच भर पावसाचा काळ असतो. किनाऱ्यावरच्या लोकांचा एक जुना ढोबळ हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा, म्हणजे दुपारी बाराच्या आधी आणि तसंच मध्यरात्रीच्या आधी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण अंदाज येतो. पौर्णिमेला सकाळी दहापासून कोसळायला लागला तर चार वाजेपर्यंत पाणी उतरणार नाही असं धरून चाला. लेकरांना शाळेतून आणायचं, औषधं आणायची, तर आधी.

रेड अलर्ट असेल तर कामावर खाडा पडला तरी चालेल, हे म्हणणं आम्हाला सोपं आहे, रोजंदारीवाल्याला नाही. पण निदान मोबाईलची बॅटरी भरलेली, प्यायचं पाणी उकळून भरलेलं, आणि रेशन कार्ड, आधार, जातीचा दाखला, रुग्णाच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उंचावर ठेवलेल्या असाव्यात. जातीचा दाखला भिजला तर नवा काढायला गावच्या तहसीलच्या किती फेऱ्या होतात, हे सांगायला नको. घरात पाणी शिरायला लागलं की सगळ्यात आधी मेन स्विच बंद. ओल्या भिंतीला, फ्रीजला, लोखंडी दाराला हात लावू नका.

चिखल्यांतून शिरणारा ताप

साचलेल्या पाण्यात उंदीर, कुत्री, गुरं यांचं मूत मिसळलेलं असतं. त्यातले जंतू पायाच्या बारीकशा जखमेतूनही आत जातात. त्याला लेप्टो म्हणतात. २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. इथे राहणाऱ्यांच्या पायांना पावसाळाभर चिखल्या झालेल्या असतात, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून चिरलेल्या. तेच जंतूंचं दार.

म्हणून गुडघाभर पाण्यातून आलात तर पाय साबणाने धुवा, बेचक्या कोरड्या करा. पायाला जखम असेल किंवा फार वेळ पाण्यात राहिला असाल तर ताप येण्याची वाट पाहू नका. तीन दिवसांच्या आत सरकारी दवाखान्यात जाऊन 'पुराच्या पाण्यातून चाललो' असं सांगा. तिथे प्रतिबंधक गोळी मिळते. गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर ते आधी सांगा, त्यांचं औषध वेगळं असतं. नंतर दोन-तीन आठवड्यांत जोराचा ताप, पिंढऱ्यांत असह्य दुखणं, डोळे लाल, लघवी कमी, डोळ्यांत पिवळेपणा यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. लेप्टोवर औषध आहे आणि ते स्वस्त आहे, पण उशीर झाला की किडनी आणि यकृत धरतं.

एक माणूस आम्हाला विसरता येत नाही. बांधकामावरचा, तिशीतला, गावाहून येऊन दीड महिना झालेला. पाय दुखतात म्हणून कुणीतरी सुई दिली, दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली. सुईने दुखणं दबलं, त्याने कामावर जाणं सोडलं नाही. पाचव्या दिवशी बायको त्याला आमच्याकडे घेऊन आली तेव्हा डोळे हळदीसारखे होते. तो वाचला, पण महिनाभर रुग्णालयात आणि कर्ज वेगळं.

पावसाळ्यातल्या कुठल्याही तापाला पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनेची गोळी किंवा सुई घेऊ नका. डेंग्यू असेल तर अशा औषधांनी रक्तस्राव होऊ शकतो. दुसऱ्या दिवशीही ताप राहिला तर रक्त तपासा. मलेरियाची तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते. डेंग्यूमध्ये ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, आणि नेमका तोच धोक्याचा काळ असतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. पोटात फार दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, रुग्ण बेचैन होणं, यातलं काही झालं की थेट मोठं रुग्णालय. पपईच्या पानांच्या रसावर वेळ घालवू नका.

डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही. तो आपल्या घरच्या स्वच्छ पाण्यात वाढतो, दिवसा चावतो. सूर्या प्रकल्पाचं पाणी शहरात वाढलं तरी वस्त्यांमधला निळा ड्रम सुटलेला नाही, कारण नळ कधी येईल याचा भरवसा नाही. अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करून आतून घासायचा. रोज नाही, आठवड्यातून एकदाच, पण चुकवायचं नाही. झाकण नसेल तर जुन्या सुती साडीचं कापड ताणून बांधा. कुलरची टाकी, फ्रीजमागचा ट्रे, पत्र्यावर टाकलेलं टायर हेही त्याच दिवशी.

वर्षावासात बहुतेक विहारांत संध्याकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. तीन महिने रोज इतकी घरं एका जागी येतात, अशी सोय कुठल्या आरोग्य खात्याकडेही नाही. वाचन संपल्यावर दोन मिनिटं फक्त विचारा, कुणाच्या घरी ताप आहे? आमच्या वस्तीत हे सुरू केल्यापासून ताप लपत नाही. रविवारच्या वाचनानंतर 'उद्या ड्रम' एवढंच सांगायचं. तथागतांनी एका आजारी भिक्खूला, ज्याच्याकडे कुणी फिरकत नव्हतं, आनंदाला सोबत घेऊन स्वतः धुऊन काढलं होतं. ही कथा वाचनात आली की त्या दिवशी तरी कुणी ताप अंगावर काढू नये.

खाज

खाजेविषयी जरा जास्त लिहितो, कारण माणसं लाजेने बोलत नाहीत आणि वर्षानुवर्षं खाजवत राहतात. इथे पावसात चार महिने कपडे नीट वाळत नाहीत. दमट चड्डी, दमट परकर, दमट ब्लाउज घालून कामावर जायचं, वर घाम. जांघेत, कमरेला नाडीच्या जागी, स्तनांखाली गजकर्ण उठतं. मेडिकलमधून मलम आणलं जातं. त्यातल्या कित्येक मलमांत तीन-चार औषधं एकत्र असतात आणि त्यात स्टेरॉइड असतं. लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते. बंद केलं की दुप्पट पसरतं. पुढे कातडी पातळ होते, चट्टे पडतात, आणि साधं औषध लवकर लागू पडत नाही. मलमावर क्लोबेटासोल, बेटामेथासोन असं काही लिहिलेलं असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नका. गजकर्णाचं औषध आठवडेच्या आठवडे घ्यावं लागतं, चट्टा गेल्यावरही सांगितलेले दिवस पुरे करावे लागतात, आणि घरात दोघा-तिघांना असेल तर सगळ्यांनी एकदमच घ्यावं लागतं. टॉवेल वेगळा. आतले कपडे उलट्या बाजूने इस्त्री करून वाळवले तरी पुष्कळ फरक पडतो. याला खानदानी रोग म्हणून पोरीचं लग्न अडवलेलं आम्ही पाहिलं आहे. बुरशी आहे ती, खानदान नव्हे.

भिंतीवर येते ती काळी बुरशी. दमेकऱ्याचं अंथरूण त्या भिंतीपासून दूर ठेवा. खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर 'इथल्या ओलीमुळे' म्हणून सोडू नका, थुंकी तपासा.

पावसानंतर

मोसमी पाऊस मुंबईहून परततो तो साधारण ८ ऑक्टोबरला. त्यानंतर लगेच ऊन पुन्हा तापतं आणि जमिनीतली ओल वर येते. हा दुसरा उकाडा गावच्या माणसाला अनपेक्षित असतो. दीक्षाभूमीला धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी जाऊन रेल्वेच्या गर्दीत दोन रात्री काढून आलेली माणसं याच दिवसांत आजारी पडतात. पाऊस संपला तरी डेंग्यू-मलेरिया संपत नाही, म्हणून ड्रमचा वार ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही चुकवू नका.

वादळाची भीती मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर अशी दोनदा असते. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेलं. आणि २०१७ साली डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओखी वादळाचा पाऊस आला, तेव्हा चैत्यभूमीला महापरिनिर्वाण दिनासाठी आलेल्या आपल्या माणसांचे शिवाजी पार्कवरचे तंबू चिखलात गेले, आणि महापालिकेला त्यांना शाळांमध्ये हलवावं लागलं. ६ डिसेंबरला कधी पाऊस येतो का, असं म्हणू नका. पाहुणे गावाहून येणार असतील तर त्यांना एक प्लॅस्टिकची चादर आणायला सांगा.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा इथला चांगला काळ. थंडी गावासारखी नसते, स्वेटर पहाटेपुरता. पण चालू बांधकामांची धूळ त्या स्थिर हवेत खाली बसून राहते, दमेकऱ्यांनी सकाळी तोंडाला रुमाल बांधावा. बिऱ्हाड बदलायचं असेल, म्हातारी आई-बाबा गावाहून आणायचे असतील, तर शक्य असेल तिथे याच महिन्यांत आणा. शरीराला सरावायला उन्हाळ्याच्या आधी पुरेसे दिवस मिळतात.

आणि याच महिन्यांत एकदा ड्रम उन्हात पालथा घालायच्या आधी आतून काथ्याने चांगला खसाखसा घासून घ्या. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेघेवर ड्रमच्या कडेला चिकटलेली असतात. ती कोरडी राहूनही काही महिने जगतात आणि जूनमध्ये पाणी लागताच फुटतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर ती तिथेच राहतात.